चुकांचा रकाना

'वीकेंड'च्या आधी कोणता शब्द लावायचा यावर मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे. तीही कंपनीच्या वेळेत, पंख्याखाली बसून. भिवंडीजवळ मानकोलीच्या नाक्यावरून आत गेलं की जी गोडाऊनं लागतात त्यातल्या एकात मी कामाला आहे. आमच्याकडे दोन परदेशी पार्ट्यांचा माल उतरतो. इंग्लंडची पार्टी काचेची भांडी पाठवते, अमेरिकेची पार्टी लहान मुलांची खेळणी. इंग्लंडच्या ऑफिसातल्या बाई लिहायच्या की कंटेनर 'ॲट द वीकेंड' पोचेल. अमेरिकेचे साहेब लिहायचे, 'ऑन द वीकेंड' पोचेल. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी. मग चुकतंय कोण? त्या दुपारी मला कळलं की कोणीच चुकत नाही. तिकडे तसं म्हणतात आणि पलीकडे असं म्हणतात, एवढंच.

मला त्याचा नादच लागला. मी एक वही केली आणि पानावर उभ्या रेघा मारल्या. एका रकान्यात इंग्लंड, दुसऱ्यात अमेरिका. बाई फॉर्म 'फिल इन' करायला सांगत, साहेब 'फिल आउट' करायला. बाईंचा सहकारी आजारी पडला की 'इन हॉस्पिटल' असे, साहेबांचा 'इन द हॉस्पिटल'. बाईंनी एकदा 'फोर्टनाइट'मध्ये, म्हणजे पंधरवड्यात, माल उचलू असं लिहिलं. तो मेल चुकून साहेबांकडे गेला, तर हे फोर्टनाइट म्हणजे काय, असं त्यांनीच मला विचारलं. भिवंडीत बसून मी अमेरिकेच्या माणसाला इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगितला, त्या दिवशी मी घरी जाताना रिक्षात एकटीच हसत होते.

वहीत तिसरा रकानाही होता. त्यात आमच्या डॉकवरून, म्हणजे माल चढतो-उतरतो त्या धक्क्यावरून, जाणारं इंग्रजी मी लिहून ठेवायची. आमच्याकडे फॉर्म 'फिलअप' होतो. आजारी ड्रायव्हर 'ॲडमिट' असतो. गावाला गेलेला माणूस 'आउट ऑफ स्टेशन' असतो, मीटिंग 'प्रीपोन' होते, शंका आली की 'डाउट' येतो, आणि कुठल्याही पत्राच्या शेवटी समोरच्याने 'नीडफुल' करायचं असतं. पहिल्या दोन रकान्यांना मी देशांची नावं दिली होती. तिसऱ्याच्या डोक्यावर लाल पेनाने लिहिलं होतं: चुका.

आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी इथल्याच पूर्णा गावची. आमच्या घरात हाय आणि न्हाय बोलणारी माणसं. शाळेत घाटावरून आलेल्या बाई होत्या. 'न्हाय' म्हटलं की त्या वर्गाला थांबवायच्या आणि 'नाही' असं तीनदा म्हणून घ्यायच्या. मी ते इतक्या झटकन शिकले की महिन्याभरात घरी येऊन आईला सुधारायला लागले. आई भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "तुज्याशी बोलाया आता मीबी शालंत नाव घालू का?" मी तोंड फुगवून बसले. पुढे इंग्रजीत एम.ए. केलं, शिकवण्या घेतल्या, मग ही नोकरी लागली. जिथे आमच्या चुलत्यांचं भाताचं खाचर होतं तिथून हाकेच्या अंतरावर हे गोडाऊन आहे. मी तिथे एसीत बसते आणि माझ्या टेबलावर पाटी आहे, क्लायंट को-ऑर्डिनेटर. लोकांचं बोलणं सुधारणं हा माझा जुना रोग होता. इथे त्याचा पगार मिळू लागला.

डॉकचे सुपरवायझर पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ होते. नारपोलीत त्यांनी अर्धं आयुष्य कापडाच्या लूमवर काढलं होतं. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा ते इकडे आले. लूमच्या खडखडाटात वर्षं काढल्यामुळे ते मोठ्याने बोलायचे, आणि चालू मशीनमधला बिघाड त्यांना आवाजावरून कळायचा. फोर्कलिफ्ट नुसती जवळून गेली तरी म्हणायचे, "हिचा बेरिंग जानार हाय," आणि आठवड्यात ते जायचं. मी त्यांना काका म्हणायची. ते मला चारचौघांत मॅडम म्हणायचे आणि आजूबाजूला कोणी नसलं की बाय.

काकांचं शिक्षण नववीपर्यंत. इंग्रजी ते आलेल्या मेलवरून शिकले. ट्रान्सपोर्टवाले, बँका, सरकारी खाती जे लिहीत ते त्यांनी उचललं आणि आपल्या कामाला लावलं. दिवसाला सात-आठ मेल ते स्वतः टाइप करायचे, दोन बोटांनी, चष्मा कपाळावर चढवून. 'रिस्पेक्टेड मॅडम, टुडे मॉर्निंग ओन्ली टू गाडी केम. वन पॅलेट इज वेट. काइंडली डू द नीडफुल.' त्यात काय झालं, कधी झालं आणि समोरच्याने काय करायचं, सगळं असायचं. इंग्लंडच्या बाई त्यावर 'थँक यू, नोटेड' लिहायच्या आणि काम व्हायचं. चार वर्षं असं बिनबोभाट चाललं होतं.

मग बाईंच्या ऑफिसात कोणी नवीन आलं. त्यांनी आमच्या मॅनेजर साहेबांना लिहिलं की तुमच्या डॉकवरून येणारे मेल जरा 'चार्मिंग' असतात. हा टोमणा होता की कौतुक, मला आजही सांगता येणार नाही. मॅनेजर साहेबांना तो झोंबला. त्यांनी मला बोलावून सांगितलं, सगळ्यांना नीट इंग्रजी शिकवा. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

एका शनिवारी दुपारी कँटीनमध्ये पडदा लावला. वीसेक माणसं, समोर चहा आणि बटाटेवडे. मी आमच्याच डॉकवरचे खरे मेल घेतले होते. खालची सही तेवढी पुसली होती. चुकलेल्या जागा लाल केल्या होत्या. तो 'टू गाडी केम'वाला मेल पडद्यावर आला तेव्हा त्यात काळं कमी आणि लाल जास्त दिसत होतं. मी तो मोठ्याने वाचला. आवाजात थोडी गंमतही आणली, शिकवण्या घेताना पोरं जागी राहावीत म्हणून आणायची तशी. सगळे हसले. सही पुसली तरी मेल कोणाचा हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. काकाही हसले. सगळ्यांत जास्त तेच हसले, अगदी डोळे पुसेपर्यंत. मला वाटलं, किती खेळकर माणूस आहे.

सोमवारी काकांचा मेल पार्टीऐवजी मला आला. वर लिहिलं होतं, 'मॅडम, प्लीज चेक.' मी तो दुरुस्त करून परत पाठवला. त्यांनी तो तसाच्या तसा पुढे पाठवला. मंगळवारी असे चार आले. महिन्याभरात आलेला माल नोंदवणारा इनवर्डवाला, गेटवाला, पॅकिंगच्या बायकांची सुपरवायझर, सगळेच मला आधी मेल पाठवू लागले. कोणी तसा नियम केला नव्हता. पण आमच्याकडे एकदा पायंडा पडला की तो लेखी नियमापेक्षा पक्का. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय आमच्या गोडाऊनमधून इंग्रजी बाहेर पडेना. मला त्याचा त्रास होत होता असं मी सगळ्यांना सांगायची. खरं सांगायचं तर मी खूश होते.

काकांचे मेल कमी होत गेले हे माझ्या लक्षात आलं होतं. सात-आठचे दोनावर आले. मी त्याचा अर्थ असा लावला की ते आता नेमकं लिहायला शिकले.

त्यानंतर पावसाळा सरल्यावर चुलत बहिणीचं लग्न आलं. मी गुरुवार ते रविवार रजा टाकली. लग्नघर म्हणजे आमच्याकडे अख्खी आळी. हळद, मांडव, पाहुण्यांची जेवणं, यात चार दिवस कसे जातात कळत नाही. ऑफिसचा मेल फोनवर वाजायचा तो मी बुधवारीच बंद केला. माझ्या रजेत मेल कोण तपासणार, हा प्रश्न मला पडला नाही. तो नियम नव्हताच ना, मग त्याची सोय कशाला करायची?

गुरुवारी सकाळी फोर्कलिफ्ट काचेच्या भांड्यांच्या रॅकला घासून गेली. चार नंबरचा रॅक. ड्रायव्हर म्हणाला, काही झालं नाही. काकांनी खांबावर हात फिरवला, वाकून खालून बघितलं आणि त्यांना दिसलं की खांब वाकलाय आणि जोडाचं वेल्डिंग उकललंय. रॅक रिकामा करायला हवा होता. पण माल इंग्लंडच्या पार्टीचा. त्यांच्या परवानगीशिवाय एक खोकंही जागचं हलवायचं नाही, असा करार. काकांनी मॅनेजर साहेबांना सांगितलं. साहेब अहमदाबादला निघाले होते. ते गाडीत बसता बसता म्हणाले, बाईंना मेल टाका, परवानगी घ्या, मग हलवा.

काकांनी मेल लिहिला. आणि पायंड्याप्रमाणे मला पाठवला.

मग ते वाट बघत राहिले. शुक्रवारी त्यांनी दोनदा मेल उघडून पाहिला, हे मला नंतर गेटवाल्याने सांगितलं. तो त्यांना म्हणाला होता, मॅडमना फोन लावा. काका म्हणाले, "लग्नघरात हाय ती. आनंदाच्या कामात कशाला इघ्न?" त्यांनी रॅकपुढच्या गल्लीला दोन्ही बाजूंनी दोरी बांधली, दोरीला लाल फडकी लावली आणि आत कोणाला पाऊल टाकू दिलं नाही. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत रॅक कोसळला. वरच्या कप्प्यापासून खालपर्यंत, काचेच्या सगळ्या खोक्यांसकट. दोरी होती म्हणून कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

सोमवारी मी हाताला मेंदी आणि पिशवीत लग्नाचे लाडू घेऊन ऑफिसात आले. चार नंबरच्या जागी काचेचा ढीग होता. मॅनेजर साहेब दारातच म्हणाले, "तुमच्या काकांनी घोळ घातला. धोका दिसत होता, दोरी बांधली, पण पार्टीला लेखी कळवलं नाही. बाई विचारतायत, तुमच्याकडे कळवायची पद्धत आहे की नाही? काकांना घरी बसवलंय. दुपारी बाईंशी बोलणं आहे, त्यात त्यांना काढल्याचं सांगू."

"त्यांचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"म्हणतात, मेल लिहिला होता. कोणाला पाठवला विचारलं तर बोलत नाहीत."

मला तेव्हाच समजलं. टेबलाशी जाऊन कॉम्प्युटर लावला. वरून खाली पाहत गेले. गुरुवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. 'मॅडम, प्लीज चेक. अर्जंट.' आणि खाली बाईंसाठी: 'रिस्पेक्टेड मॅडम, रॅक नंबर फोर इज बेंड सिन्स टुडे मॉर्निंग ओन्ली. वेल्डिंग इज गॉन. एनी टाइम इट विल फॉल. प्लीज गिव्ह परमिशन टू एम्प्टी द सेम. काइंडली डू द नीडफुल.'

पुढचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तो मेल वाचून होईपर्यंत माझ्या बोटांनी 'बेंड'चं 'बेंट' केलं होतं आणि 'ओन्ली' खोडलं होतं. रॅक पडून दोन दिवस झाले होते, एका माणसाची नोकरी जात होती, आणि माझा हात दुरुस्ती करत होता. मला स्वतःची किळस आली. बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन मी तोंडावर पाणी मारलं आणि टेबलाशी परत आले.

मोह झाला नाही असं नाही. काकांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मीही गप्प राहिले असते तर कोणी माझा मेलबॉक्स उघडून बघणार नव्हतं. नवी नोकरी शोधायचं माझंही वय आता राहिलेलं नाही. पण खरं सांगते, मला अडवलं ते प्रामाणिकपणाने नाही. त्या मेलने अडवलं. त्यात न समजण्यासारखं काय होतं? इंग्लंडच्या बाईंना ते कळलं असतं, अमेरिकेच्या साहेबांना कळलं असतं, दहावीच्या पोरालाही कळलं असतं. त्या बाई आणि ते साहेब वीकेंड वेगवेगळ्या तऱ्हेने लिहितात तेव्हा मी कौतुकाने वहीत उतरवून ठेवलं. हा माणूस नारपोलीत आणि मानकोलीत राहून इथलं इंग्रजी लिहीत होता, इथे लाखो माणसं लिहितात तसं. इंग्रजांच्या राज्यात हे 'नीडफुल' म्हणे गोरा साहेबच लिहायचा. तो गेला, विसरला, आपण सांभाळलं. इंग्लंडला नाव मिळालं, अमेरिकेला नाव मिळालं आणि माझ्याच गावाला मी लाल शाई दिली. हे मला कोणी शिकवलं म्हणून रडू? शाळेतल्या बाईंना दोष देता येतो. पण कँटीनमध्ये आवाज काढून वाचणारी मी होते.

मी बदललेले शब्द परत होते तसे केले. मेल जसाच्या तसा बाईंना पाठवला, मॅनेजर साहेबांना प्रत ठेवली. वर लिहिलं की हा मेल गुरुवारी लिहिला गेला होता, तो आधी माझ्याकडे तपासायला पाठवण्याची इथे सवय आहे, ती सवय मी लावली, मी रजेवर होते, आणि सुपरवायझरांचा यात काहीही दोष नाही. माझं स्वतःचं इंग्रजी मी एकदाही तपासलं नाही.

बाईंचं उत्तर तिकडचं ऑफिस उघडताच आलं. रॅकबद्दलची सूचना पूर्ण स्पष्ट आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. इतकी स्पष्ट सूचना दुरुस्तीसाठी दोन दिवस का थांबली हे मात्र त्यांना समजत नव्हतं. दुपारच्या बोलण्यात मॅनेजर साहेबांनी मला बरंच सुनावलं, ते मी ऐकून घेतलं. मला लेखी ताकीद मिळाली. संध्याकाळपर्यंत ठरलं की काकांना कामावर घ्यायचं आणि यापुढे ज्याचा मेल त्याने थेट पाठवायचा. काकांना फोन करतो, असं मॅनेजर साहेब म्हणाले. मी म्हटलं, नको, मी जाते.

नारपोलीत मी फार दिवसांनी गेले. गल्लीत अजून लूम चालू आहेत, बोलायचं तर कानाशी जावं लागतं. काका ओट्यावर बसून नातीच्या सायकलची चेन बसवत होते. मला बघून उठले, हात पुसले, आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मी लाडवांची पिशवी पुढे केली. उद्यापासून कामावर यायचं, सगळं मिटलं, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आधी विचारलं, "लगीन नीट झाला ना?"

मी म्हटलं, "काका, माझं नाव का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? मॅडम लग्नाला गेली म्हनून रॅक परला? बरा दिसतं का?"

मी माफी मागितली. त्या कँटीनमधल्या दिवसाचीही मागितली. लूमच्या खडखडाटात त्यांना कितपत ऐकू गेलं देव जाणे. ते माझ्याकडे न बघता चेन फिरवत होते. चहा आला, आम्ही तो प्यायलो. कप खाली ठेवून त्यांनी हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, विचारलं, "तो मेल बाईंनी वाचला?"

"वाचला. मी तसाच पाठवला, काही न बदलता."

त्यांचा चेहरा कसनुसा झाला. आत कोणी ऐकत नाही ना ते त्यांनी वळून पाहिलं. "चुका किती व्हत्या त्यात?"

"एकही नव्हती, काका."

मी खोटं बोलतेय का, हे ते माझ्या तोंडाकडे बघून शोधत राहिले. मग सायकलचं पेडल हातात तसंच धरून म्हणाले, "मंग मी त्याच दिवशी पाठवला असता ना, बाय."